निळ्या बुरशीचे काय करायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कापड रंगवण्याच्या सांडपाण्याने आलेला कोकणातल्या खाड्यांचा रंग आता बुरशी पुसणार, असे आपल्या कालच्या पुरवणीने जाहीर करून टाकले. आनंद आहे. फक्त लेखासोबतचा फोटो छापण्याआधी कुणी नीट पाहिला होता का? बरणीत वर नितळ पाणी आणि तळाशी बुरशीच्या गोळ्या, त्याही गर्द निळ्या. खाली ओळ, 'रंग गायब'. गायब कुठे? तळाशीच बसलाय की!

धिंगरी (खाण्याची अळंबी), ट्रॅमेटीस वगैरे लाकूड कुजवणाऱ्या बुरशा पाण्यातला रंग दोन तऱ्हांनी कमी करतात. एक तर रंग नुसता तंतूंना चिकटतो, किंवा लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज ही एन्झाइमे त्याचा रेणू मोडतात. चिकटवण्याचे काम मेलेली बुरशीही करते. फरक ओळखणे अवघड नाही. गोळ्या गाळून मिथेनॉलमध्ये हलवा. मिथेनॉल निळे झाले तर तेवढा रंग मोडलेलाच नाही. शेजारी ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने) मारलेल्या बुरशीची बाटली ठेवा, तिनेही तितकाच रंग ओढला तर प्रश्नच मिटला. स्पेक्ट्रोफोटोमीटर (पाणी कोणता प्रकाश किती शोषते ते मोजणारे यंत्र) असेल तर पूर्ण आलेख काढा. रंग चिकटला असेल तर सगळी शिखरे सारख्याच प्रमाणात खाली येतात. मोडला असेल तर दृश्य भागातले शिखर जाते आणि अतिनील भागात नवी उभी राहतात. यातले काही न करता 'गायब' म्हणणे म्हणजे केर झाडून पलंगाखाली ढकलणे. त्यातून हा चिकटलेला रंग आम्लात टिकतो. पाणी सोडण्यापूर्वी पीएच (आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) वर नेला की त्यातला बराचसा परत पाण्यात उतरतो. मग ती निळी ओली बुरशी टाकायची कुठे, हे लेखकाने सांगितलेले नाही.

'पाण्यात थोडी साखर घाला' हा सल्लाही वाचला. लिटरला ५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे सुमारे ५,३०० मिलिग्रॅम सीओडी (पाण्यातली घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) आपल्याच हाताने ओतणे. कापड उद्योगाच्या २०१६ च्या निकषांत सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. बुरशी साखर खाते हे खरे, पण बॅक्टेरिया तिच्या आधी खातात. उघड्या टाकीत हा प्रयोग फसतो तो बहुधा इथेच. छपाई विभागाच्या पाण्यात युरिया असतो, तो बॅक्टेरियाला पोसतो. शिवाय फॅनेरोकीटसारखी बुरशी नायट्रोजन भरपूर मिळाला की एन्झाइमच कमी करते.

म्हणून बुरशी आधी पेंढ्यावर वाढवून घ्यावी. भाताचा पेंढा आपल्याकडे हवा तेवढा. तो ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळा, ओल्या वजनाच्या २-३ टक्के धिंगरीचे स्पॉन (बियाणे) मिसळा. १५-२० दिवसांत पिशवी पांढरी होते. हिरवा डाग दिसला तर ती पिशवी बाद, ती ट्रायकोडर्मा ही दुसरीच, घुसखोर बुरशी. अळंबीवाले पेंढा निर्जंतुक करायला वापरतात ते कार्बेन्डाझिम-फॉर्मेलिनचे पाणी इथे वापरू नये, नाहीतर बुरशीनाशकच सांडपाण्यात जायचे. मग पाणी या पेंढ्यातून हळू झिरपू द्यावे. जोरात ढवळणारा पंखा नको, तंतू तुटतात आणि जाळी तुंबते. पावसाळ्यात टाकीवर छप्पर हवेच.

आणि पीएच. रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक जोड करणाऱ्या रंगांचे) रंगकाम सोडा ॲशवर (सोडियम कार्बोनेटवर) चालते, त्याचे पाणी ९ ते ११ चे. बुरशीला ४.५ ते ५ लागते. ॲसिड एकदम ओतले तर कार्बोनेट फसफसून फेस टाकीबाहेर येतो, थेंबाथेंबानेच घालावे लागते. लेखात पीएचचा उल्लेखच नाही. आणखी एक, लोटे-महाड या कोकणातल्या औद्योगिक वसाहतींकडचे सांडपाणी मुख्यतः रसायने बनवणाऱ्यांचे आहे, कापड रंगवणाऱ्यांचे नव्हे. तिथे हीच कृती जशीच्या तशी चालेल असे धरून चालू नये.

जाता जाता. याच विषयावरचे माझे मागचे पत्र आपण छापलेत, आभारी आहे. पण त्यात पीएच '४५' छापला होता. पीएचची पट्टी १४ ला संपते. दुरुस्ती आजवर आलेली नाही. या पत्रातली दशांशचिन्हे कृपया जागच्या जागी राहू द्यावीत.

आपला,
एक वाचक, चिपळूण