फ्लूम भंगारात काढू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या नव्या संगणक प्रयोगशाळांवरचा लेख आपल्या शैक्षणिक पुरवणीत वाचला. पाण्याचे प्रयोग आता पडद्यावरच होतील, असे त्यात कौतुकाने म्हटले आहे. तीसेक वर्षे तंत्रनिकेतनात हायड्रॉलिक्स, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचे शास्त्र, शिकवण्यात गेली, म्हणून हे पत्र.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयाने काचेच्या भिंतींचा लांबलचक फ्लूम, म्हणजे पाणी सोडून प्रवाहाचे प्रयोग करायचा पाट, नुकताच भंगारात काढला. पंप, मोटर, खालची टाकी, सगळे गेले. त्या जागेत संगणक आले. तिथे शिकवणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने रिकाम्या खोलीचा फोटो पाठवला, तेव्हा फार वाईट वाटले. संगणकाला माझा विरोध नाही. उलट नळातले, कालव्यातले साधे प्रवाह तो उत्तम सोडवतो. पण पाणी आणि हवा जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे त्याचे उत्तर ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये, आणि ताडून पाहायला खरे पाणी लागते.

कोयनेचे सहा वक्र दरवाजे उचलले की बातम्यांत जे दृश्य दिसते ते आठवा. सांडव्याच्या माथ्यावर पाणी काचेसारखे नितळ असते, खाली येता येता एकदम पांढरे होते. सांडव्याच्या काँक्रीटला घासून तळाशी जो खळबळीचा थर तयार होतो, तो खाली येताना जाड होत जातो. तो वरच्या पृष्ठभागाला पोचला की पाणी हवा ओढू लागते. तिथून पुढे ते नुसते पाणी राहत नाही. त्याची जाडी वाढते, वेग बदलतो, बाजूच्या भिंती किती उंच हव्यात तेही बदलते.

ही हवा बांध वाचवते सुद्धा. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९८३ च्या पुरात तिथल्या बोगद्यातल्या सांडव्यातून पाणी इतक्या वेगाने गेले की अस्तराच्या खडबडीपाशी दाब कोसळून पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार झाले. पुढे जाऊन ते फुटत राहिले आणि त्या माऱ्याने काँक्रीटचे अस्तर फोडून खालच्या खडकात सुमारे १० मीटर खोल खड्डा पडला. दुरुस्ती करताना बोगद्यात हवा शिरण्यासाठी खाच ठेवली गेली. पाण्यात थोड्या टक्क्यांनी हवा मिसळलेली असली तरी हा मारा जवळजवळ थांबतो. म्हणजे हवा किती शिरेल याचा अंदाज चुकणे ही परीक्षेतल्या दोन गुणांची बाब नाही.

संगणक हे कसे करतो, तेही वाचकांना सांगायला हवे. सगळ्या जागेची आलेखाच्या कागदासारखी जाळी करतात. प्रत्येक घरात पाण्याचा वाटा किती, हा एक आकडा ठेवतात: पूर्ण पाणी असेल तर १, पूर्ण हवा असेल तर ०, आणि मधला आकडा आला तर त्या घरातून पृष्ठभाग जातो. हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात, आणि ती खरोखर सुंदर आहे. लाट मोडली, दोन थेंब एक झाले, एकाचे दोन झाले, तरी हिशेब बिघडत नाही. अडचण घराच्या आकाराची आहे. सांडव्यावरचा बुडबुडा एक-दोन मिलिमीटरचा असतो. एक मिलिमीटरचा बुडबुडा नीट दिसायला त्याच्या रुंदीत निदान दहा घरे हवीत, म्हणजे घराची बाजू ०.१ मिलिमीटर. मग एका घनमीटर पाण्याला एक लाख कोटी घरे लागतात! सांडव्यावर असे हजारो घनमीटर. प्रत्यक्षात दहा-वीस सेंटिमीटरची घरे घेतात, आणि बुडबुड्यांसाठी सूत्रे व गुणांक बाहेरून घालतात. ते गुणांक आले कुठून? प्रयोगांतून. घराची बाजू निम्मी करायची म्हटली तर घरे आठपट होतात, काळाची पावलेही निम्मी करावी लागतात, आणि काम सोळापट होते. म्हणून बहुतेक प्रकल्प अहवालांत एकाच जाळीवरचे एकच रंगीत चित्र असते. परीक्षक म्हणून मी असे अहवाल पाहिले आहेत. जाळी बारीक केल्यावर उत्तर बदलते का, असे विचारले की विद्यार्थी गप्प. तो दोष त्यांचा नाही, त्यांना कोणी ते करायला लावलेच नाही.

काचेचा फ्लूम सगळे खरे सांगतो असेही मी म्हणत नाही. सांडव्याचा पन्नासपट लहान नमुना केला तरी पाण्याचा पृष्ठताण पन्नासपट लहान होत नाही. बुडबुडे साधारण तेवढेच राहतात, त्यामुळे नमुन्यात हवा खऱ्या सांडव्यापेक्षा कमी शिरते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत, जी १९१६ पासून चालू आहे, धरणांचे नमुने बांधतात आणि गणिती प्रारूपेही चालवतात. एक दुसऱ्याची जागा घेत नाही, हे तिथल्या शेडमध्ये उभे राहिले की पहिल्या तासात कळते. विद्यार्थ्यांची सहल न्यायचीच असेल तर आधी तिथे न्यावी.

ज्यांचा फ्लूम गेला त्यांनी एवढे तरी करावे. प्रवाहाचे गणित सोडवणारी ओपनफोम ही मोफत संगणक प्रणाली आज पुष्कळजण वापरतात. तिच्यात शिकणाऱ्यांसाठी बांध फुटण्याचे एक उदाहरण दिलेले आहे: टाकी ५८.४ सेंटिमीटर लांब, तिच्या एका टोकाला १४.६ सेंटिमीटर रुंद आणि २९.२ सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ, वाटेत एक छोटा अडथळा. साध्या लॅपटॉपवर ते काही मिनिटांत सुटते. तेवढीच टाकी मत्स्यालयाच्या काचा जोडणाऱ्याकडून करून घ्यावी, मधे एक सरकती पट्टी, पाण्यात थोडा रंग. आधी अडथळा न ठेवता पट्टी झटक्यात उचलायची आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायचे. अर्ध्या सेकंदाच्या आत पाणी समोरच्या भिंतीवर आदळते. मार्टिन आणि मॉइस यांनी असेच पाण्याचे स्तंभ कोसळवून केलेली मोजमापे १९५२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजही नव्या प्रणाली त्यांच्याशी ताडून पाहतात.

मग संगणकातूनही अडथळा काढून तेच गणित दोन जाळ्यांवर चालवावे, एक जाड, एक बारीक. पाणी भिंतीला लागेपर्यंत दोन्ही उत्तरे मोबाइलच्या चित्रणाशी बऱ्यापैकी जुळतील. भिंतीवर चढलेले पाणी उलटून परत पडले, त्याखाली हवा कोंडली, की तिथून पुढे जाड जाळी एक चित्र देते, बारीक जाळी दुसरे, आणि टाकीतले पाणी तिसरेच करते. माझ्या घरी शिकायला येणाऱ्या मुलांना हे दाखवले. त्यातली एक मुलगी त्या क्षणाच्या फ्रेम पुन:पुन्हा मागेपुढे करत बसली होती. पुढचा आठवडाभर तिचे प्रश्न संपत नव्हते, आणि सगळे प्रश्न योग्य होते.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे. पाणी-हवेच्या कोणत्याही संगणकीय प्रकल्पात निदान तीन जाळ्यांवरची उत्तरे आणि एका प्रत्यक्ष मोजमापाशी केलेली तुलना सक्तीची करावी. ती नसेल तर प्रकल्प परत पाठवावा. आणि ज्या महाविद्यालयांत फ्लूम अजून उभा आहे, पंप बिघडल्यामुळे नुसता धूळ खात पडला आहे, त्यांनी तो दुरुस्त करावा. पंपाच्या दुरुस्तीला एका चांगल्या संगणकाइतकाही खर्च येत नाही.

आपली,
एक निवृत्त अधिव्याख्याता, सातारा