इंग्रजीतले ‘पिवळे पीतांबर’

महोदय,

ठाण्यातील गृहसंकुलांचे सूचनाफलक, शाळांची परिपत्रके आणि कार्यालयीन ई-मेल यांतील इंग्रजी वाचताना मला व्याकरणाच्या चुकांपेक्षा अनावश्यक शब्दांचा भरणा अधिक खटकतो. मराठीत कोणी ‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचे गोमूत्र’ म्हटले की आपण लगेच टोकतो. मात्र ‘रिटर्न बॅक’, ‘रिपीट अगेन’, ‘फ्री गिफ्ट’ हे प्रयोग सुशिक्षित माणसेही बिनदिक्कत करतात. ‘आरटीओ’मधील शेवटचे अक्षर कार्यालयाचेच असूनही आपण ‘आरटीओ ऑफिस’ला जातो आणि ‘सीएनजी गॅस’साठी रांग लावतो. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केलेल्या सहा अंकी ‘पिन’मध्ये ‘नंबर’ आहेच. त्याला आपण ‘कोड’ जोडला, आणि आता काही अर्जांवर ‘पिनकोड नंबर’ असे छापलेले असते.

यातील बरीच द्विरुक्ती आपल्या मराठी वाक्यरचनेतून येते. ‘परत देणे’ मनात असल्यामुळे ‘रिटर्न’पुढे ‘बॅक’ येतो आणि ‘विषयी चर्चा’ या सवयीमुळे ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चिकटतो. ‘कझिन ब्रदर’ला मात्र मी दोष देणार नाही, कारण नुसत्या ‘कझिन’वरून भाऊ की बहीण हे कळत नाही आणि आपल्या नातेव्यवस्थेत ते कळणे आवश्यक असते.

लांबलचक लिहिले की मजकुराला वजन येते, ही समजूत मला जास्त घातक वाटते. कायद्याच्या इंग्रजीतील ‘विल अँड टेस्टामेंट’ किंवा ‘गुड्स अँड चॅटल्स’ अशा जोड्यांना इतिहास आहे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये फ्रेंच आणि इंग्रजी शब्द शेजारी-शेजारी नांदू लागले, त्याची ती खूण आहे. पाणी बंद राहण्याच्या सूचनेला अशा थाटाची गरज नसते. तरीही घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलात मी वाचलेली सूचना अशी होती : ‘ऑल द मेंबर्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट ड्यू टू द रीझन ऑफ पाइपलाइन रिपेअर वर्क, वॉटर सप्लाय विल बी टेम्पररिली क्लोज्ड फॉर अ पीरिअड ऑफ ट्वेल्व्ह अवर्स फ्रॉम नाइन ए. एम. इन द मॉर्निंग ऑन फ्रायडे. प्लीज काइंडली को-ऑपरेट.’ एवढे वाचूनही पाणी किती वाजता येणार, याचा हिशेब रहिवाशांनीच करायचा. ‘नो वॉटर ऑन फ्रायडे, नाइन ए. एम. टू नाइन पी. एम. पाइपलाइन रिपेअर.’ एवढ्यात सारे आले असते आणि शेवटची वेळही कळली असती.

निरनिराळ्या भाषांचे लोक एकत्र राहतात म्हणून अशा संकुलांत इंग्रजीचा आधार घेतला जातो. त्यांतील अनेक ज्येष्ठांसाठी आणि सुरक्षारक्षकांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा असते आणि ‘हिअरबाय’सारख्या शब्दांशी ते अडखळतात. त्यांची सोय लिहिणाऱ्याने पाहायला हवी.

शाळांमध्ये सारांशलेखन शिकवले जाते, पण बहुधा परीक्षेतील उताऱ्यापुरतेच. शिक्षकांनी आपल्याच परिसरातील खऱ्या सूचना वर्गात आणून, अर्थ न गमावता मुलांकडून त्या निम्म्या शब्दांत लिहून घ्याव्यात. आपल्या दैनिकानेही नावे वगळून अशी एखादी सूचना मूळ आणि सुधारित रूपात दर आठवड्याला छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)