बो मिळाला, बाणांचं कोण बघणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या जिल्हा पानावर हल्ली कंपाउंड बो (टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं धनुष्य) वाटपाचे फोटो बरेच दिसतात, पाहुणे, मुलं, मधे चकचकीत बो. छानच आहे. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून साताऱ्यात काय नि नागपुरात काय, पालक मुलांना घेऊन अकॅडमी शोधत फिरतायत, आणि आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला कंपाउंडची मिक्स टीम इव्हेंट आलीय म्हटल्यावर अजून पैसा येणार. पण त्या फोटोखाली बाण कोणते दिले हे कधी लिहिलेलं असतं का? तुमच्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा की बाणाचा स्पाईन किती आणि पोरगं किती पाउंड ओढतं, म्हणजे बो ताणायला किती जोर लावतं. दहातल्या नऊ ठिकाणी देणारा गप्प बसेल, पैज लावतो.

स्पाईन म्हणजे शाफ्टचा, बाणाच्या काडीचा, कडकपणा. शाफ्ट २८ इंचावरच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं, अर्धा इंच वाकला तर तो ५०० चा. आकडा जितका छोटा तितका बाण कडक. आता गंमत अशी की तोच ५०० चा बाण चाळीस पाउंड ओढणाऱ्या मुलीला बरोबर बसेल आणि पंचावन्नवाल्या मुलाच्या हातात लुळा पडेल, बाण लांब ठेवला की अजून मऊ वागतो, पुढचा पॉइंट म्हणजे टोक जड लावलं की अजून मऊ, कापून आखूड केला की कडक. आणि आपल्याकडे काय होतं, सगळ्या मुलांना एकाच नंबरचे, एकाच मापाचे डझन डझन बाण वाटतात, आणि मग पोरगं डावी-उजवीकडे मारायला लागलं की सर म्हणतात फोकस नाहीये. अहो फोकस कसला, बाणच त्याचा नाही!

काही जण म्हणतात कंपाउंडला रिलीज म्हणजे दोरी सोडायचा खटका असतो, बोटांनी सोडत नाही, त्यामुळे रिकर्व्हसारखा (बिनचाकाच्या ऑलिम्पिक धनुष्यासारखा) बाण आडवा वाकत नाही मग स्पाईनचं एवढं काय. आडवा कमी वाकतो हे खरं, पण वर-खाली वाकतोच ना, आणि मागची पिसं म्हणजे वेन्स ती चूक वाटेत सावरून घेतात म्हणून आपल्याला दिसत नाही. दिसते ती ५० मीटरवर वारा सुटला की. तिथे दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं असतं आणि ओजसने बर्लिनच्या फायनलला १५ बाणांत १५० पैकी १५० मारले होते, बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षी शांघायला नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला हरवलं ते १४९-१४८ ने. एका पॉइंटचा खेळ आहे हा, डझनातला एक बाण वेगळा निघाला की संपलं.

बरं, हे सगळं तपासायला परदेशातून माणूस आणायला लागत नाही. पेपर ट्यूनिंगला, म्हणजे बो-बाण जुळलेत का ते कागदावर बघायला, तर तुमच्याच पेपरची रद्दी चालते (रागावू नका), चौकटीवर ताणून लावायची, दोनेक मीटरवरून तिच्यातून बाण मारायचा. गोल भोक आणि तीन वेन्सच्या तीन चिरा दिसल्या की ठीक. शेपटीची फाट वर गेली तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) खाली घ्या नाहीतर रेस्ट (बाण टेकतो तो आधार) वर, पण त्याआधी वेन रेस्टला घासतेय का ते बघा. फाट आडवी असेल तर लगेच पाना काढू नका, आधी मुलाची मूठ बघा, ग्रिप आवळून धरली की बो पिळला जातो, निम्म्या वेळा तेच निघतं. आणि या सगळ्याच्या आधी कॅमचं टायमिंग, दोरी पूर्ण ओढली की दोन्ही कॅमचे स्टॉप एकाच वेळी टेकले पाहिजेत, ते चुकीचं असताना कागद फाडत बसणं म्हणजे वाकड्या चाकाच्या सायकलचा हँडल सरळ करणं. मग बिनपिसांचा बेअर शाफ्ट १८-२० मीटरवरून पिसांच्या बाणांसोबत मारा, तो सगळं खरं सांगतो.

बाण एकमेकांशी जुळवायला सोनारासारखा छोटा डिजिटल काटा पुरतो, वजन ग्रेनमध्ये मोजायचं, १ ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन. प्रत्येक बाणावर मार्करने नंबर टाका, कुठला नंबर रोज ग्रुपच्या बाहेर जातो ते वहीत लिहा, त्याचं नॉक (मागची खाच) एक वेन फिरवून परत मारा, बऱ्याचदा आत येतो, नाही आला तर सरावाला ठेवा. सेफ्टीचं पण बघा, एका पाउंडामागे निदान ५ ग्रेन वजन हवंच, म्हणजे ५० पाउंडाला २५० ग्रेन, त्याहून हलका बाण म्हणजे जवळपास रिकामा बो सोडल्यासारखं, बोचे वाकणारे हात म्हणजे लिंब्ज फुटू शकतात. आणि कार्बनचा बाण दगडावर किंवा दुसऱ्या बाणावर आदळला की हलकेच वाकवून कानाशी धरा, कडकड आवाज आला तर मोडून टाका, महाग होता म्हणून परत भात्यात टाकू नका, तो सुटताना हातात घुसतो.

काटा, मार्कर, रद्दी आमच्यासारखे पालकही आणतील पण बो प्रेस (बो दाबून दोरी ढिली करायचं यंत्र), ॲरो कटर, स्पाईन टेस्टर हे घरोघरी शक्य नाही. प्रेसशिवाय कंपाउंडची साधी केबल बदलता येत नाही आणि त्यासाठी मुलं एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात बो घेऊन जातात, वर्षाची परीक्षा तोंडावर असताना. जिल्हा क्रीडा संकुलात एक टेबल, हे तीन नग आणि ट्यूनिंग शिकलेला एक माणूस द्या, दोन बो कमी घेतले तरी चालतील, मी तर म्हणेन कमीच घ्या.

आणि खरेदीच्या कागदावर नुसतं ‘बाण नग अमुक’ न लिहिता प्रत्येक मुलाची ड्रॉ लेंथ (दोरी किती लांब ओढतो) आणि पाउंड लिहायला लावा, शाफ्ट न कापलेले घ्या, पॉइंट दोन-तीन वजनांचे घ्या. तेरा-चौदा वर्षांची पोरं सहा महिन्यांत उंच होतात, ड्रॉ लेंथ वाढते, पाउंड वाढतो, मग गेल्या सीझनचे बाण कुणा लहानग्याला जातात आणि मोठ्याला नवे लागतात, त्याचं बजेट दरवर्षी वेगळं धरायला हवं.

आपला,
एक तिरंदाज मुलीचा बाप, वाई