हजेरीवर ‘सुतार’ लिहून घे

बेसा, नागपूर

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र परवा मिळालं. पिंकीला आयटीआयत कारपेंटर ट्रेड घ्यायचाय आणि त्यावरून घरात कडाक्याचं भांडण झालं, हे वाचलं. तू विचारलंस, “तू त्याच वाटेनं साइट इन्चार्ज झालीस, खरं सांग, पोरीला पाठवू का?” पाठव, सुनंदा. पण कुठे सांभाळायचं तेही लिहिते.

ट्रेड एक वर्षाचा, आठवी पासवर मिळतो. रंधा, पटाशी, करवत सगळेच शिकतात. तिला एवढं बजाव की ड्रॉइंगचा तास बुडवायचा नाही. मला मुकादमी मिळाली ती त्याच जोरावर. नकाशातला बीम आणि बांधलेला फर्मा, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, जुळत नाही, हे काँक्रीटची गाडी येण्याआधी मला दिसलं होतं.

आयटीआयनंतर मी लकडगंजात फर्निचरच्या कारखान्यात होते, तुला ठाऊकच आहे. बल्लारशाचं सागवान तिथंच पहिल्यांदा हाताखालून गेलं. रंध्याखाली सुटणारा तो वास मला अजून आवडतो. पण तिथे बाईला पॉलिश पेपर घासायला बसवलं की वर्षानुवर्षं तेच. म्हणून मी सेंट्रिंगकडे, म्हणजे स्लॅब-कॉलमचे फर्मे आणि टेकू बांधण्याकडे, वळले. आई म्हणाली, “सागवान सोडून बल्ल्या ठोकायला चालली?” लोकांना ते हलकं काम वाटतं. अगं, पाच इंची स्लॅबच्या एका चौरस मीटरवर ३०० किलोच्या वर ओलं काँक्रीट असतं. त्यात सळया, वर चालणारी माणसं, व्हायब्रेटर. हा सगळा भार सुतारानं लावलेल्या टेकूंवर. फळ्यांच्या सांध्यात फट राहिली तर सिमेंटचं पाणी गळून जातं आणि फर्मा उघडला की कॉलमातली गिट्टी दात काढून उभी असते. लाकूड किती ताण घेईल, कुठे वाकेल, हे ज्याच्या हाताला कळतं त्याला अख्खी इमारत कळायला लागते, असं माझं ठाम मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या ठेकेदाराकडे मी फर्मे बांधत होते आणि हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे ‘रेजा’, म्हणजे बिगारी बाई, लिहिलेलं होतं. किमान वेतन कुशल, अर्धकुशल, अकुशल असं ठरतं. म्हणजे काम सुताराचं आणि मजुरी घमेलं उचलण्याची. पैशाचा राग होताच, पण खरं नुकसान पुढचं असतं. मुकादम निवडतात तो सुतारांमधून, त्यामुळे रेजा म्हणून नोंदलेली बाई कितीही शिकली तरी कुणाच्या नजरेत येत नाही. मी सर्टिफिकेट त्याच्यासमोर ठेवलं आणि वही दुरुस्त होईस्तोवर हातोडी उचलली नाही. पिंकीनं हे पहिल्याच दिवशी करायचं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीही करायची. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराकडून वेळेवर मागून घ्यायचा.

सुपरवायझर झाले तेव्हा एका साइटवर मोठ्या हॉलचा स्लॅब होता. पुढच्या मजल्याला याच फर्म्याच्या प्लेटा हव्या म्हणून मालक आठव्या दिवशीच टेकू काढायला सांगत होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराचे, टेकू ७ दिवसांनी निघतात, त्याहून मोठा गाळा असेल तर १४ दिवसांनी. आमचा गाळा मोठा होता. मी नाही म्हटलं. मालक चिडले, माझ्या नोकरीवर आलं, तरी टेकू हलले नाहीत. त्या स्लॅबखाली उद्या माझीच टोळी काम करणार होती गं! तेव्हापासून टोळीतली जुनी माणसंसुद्धा टेकूला हात लावण्याआधी मला विचारतात. साइट चालवणं म्हणजे मला तरी हेच वाटतं.

आता माझ्या हातात साइट आहे, तर बायकांसाठी आतून कडी लागणारं संडास-बाथरूम आधी उभं केलं, मगच पायाचं खोदकाम. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५० हून जास्त बायका असतील तर मुलांसाठी खोली सक्तीची होती. आमच्याकडे तेवढ्या नाहीत, तरी काढली. छत्तीसगडहून आलेल्या दोन रेजा दुपारी माझ्याजवळ फर्मा बांधायला शिकून राहिल्या आहेत. एकीचा काटकोन बघायचा गुण्या इतका नेमका लागतो की बघत राहावं. पुढच्या महिन्यापासून तिची हजेरी सुताराची लावतेय.

त्रास नाही असं मी म्हणणार नाही. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन तुला माहीत आहे. कमरेनं कुरकुर सुरू केली आहे. नव्या साइटवर पहिले काही आठवडे लोक माझ्याऐवजी माझ्या हाताखालच्या पोराशीच बोलतात. पण संध्याकाळी भरलेल्या स्लॅबवर उभी राहिले की ही दुसऱ्या कुणाची जागा आहे असं कधी वाटत नाही.

भाऊजींना म्हणावं, नाही म्हणायचं तर काम बघून म्हणा. बुधवारी स्लॅब भरायचाय, पहाटे चारला सुरू करू. तिघंही मंगळवारी मुक्कामाला या. पिंकीच्या पायात बंद बूट असू दे आणि ओढणी नको, हेल्मेट मी देते.

तुझीच,
लता