शरणपूरच्या शाळेला एक पान द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण कधी ना कधी गेलाच असाल. आम्ही रोज जातो. पण हे शरणपूर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर दहांतले नऊ नाशिककर गप्प बसतील. परवापरवापर्यंत मीही त्यांतलाच होतो.

एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या धर्मप्रसारक संस्थेनं वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. त्या काळी ब्रिटिश नौदल समुद्रात गुलामांनी भरलेली अरबी गलबतं पकडत असे. सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबई बंदरात उतरवली जात. घर हजारो मैल दूर, आईबाप कुठे याचा पत्ता नाही. त्यांतली कित्येक मुलं शरणपूरला आली. इथं ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेचा शोध घेणारा ब्रिटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मोहिमेत तो होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथंच झाडाखाली पुरताना दफनाची प्रार्थना जेकबनं वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख कोरली. सोबत्यांनी देह खांद्यावर घेऊन महिनोन्‌महिने चालत किनारा गाठला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. या प्रवासाची रोजनिशीही त्यानंच लिहिली. ते अक्षर आमच्या नाशकात गिरवलेलं!

१८७३ सालीच जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. हे आपण मुलांना अभिमानानं सांगतो. मग सुटलेल्या गुलामांची शाळा आपल्याच जिल्ह्यात होती, हे का सांगू नये?

सांगताना मिशनचे नुसते गोडवे मात्र नकोत. चेंगविंबे नावाच्या मुलाचा इथं मॅथ्यू वेलिंग्टन झाला. त्याला त्याचं नाव का ठेवू दिलं नाही, हा प्रश्न तिसरीतलं पोरही विचारील. विचारू द्या. पुढे यांतले बरेच जण आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ फ्रियरटाउन या सुटलेल्या गुलामांच्या वसाहतीत गेले. मॅथ्यू १९३५पर्यंत जगला, म्हणजे ही गोष्ट काही फार जुनी नाही.

माझं मागणं छोटं आहे. परिसर अभ्यासाच्या नाशिक जिल्ह्याच्या पुस्तकात या शाळेसाठी एक पान ठेवावं. शरणपुरात मराठी फलक लावणं दुसऱ्या खात्याचं काम आहे, ठाऊक आहे. पण आपण शब्द टाकलात तर फाइल हलेल. आणि फलकावर चेंगविंबे हे नाव आधी यावं.

आपला,
एक नाशिककर