विधी प्रवेश परीक्षा : शेवटच्या आठवड्यांत नेमके काय करावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षा जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या शैक्षणिक पुरवण्यांमध्ये ऐनवेळच्या तयारीविषयीचे लेख येऊ लागतात. आपल्या दैनिकातही ते येतात आणि विद्यार्थी व त्यांचे पालक त्यांची कात्रणे काढून जपून ठेवतात. वकिली सांभाळून मी या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना शिकवते, त्यामुळे ही कात्रणे माझ्यापर्यंतही पोहोचतात. त्यांतील बहुतेक सल्ला दिवसाचे किती तास अभ्यास करावा, वेळापत्रक कसे आखावे, मन शांत कसे ठेवावे याभोवती फिरतो. त्या तासांत नेमके काय करावे आणि कोणत्या परीक्षेसाठी काय करावे, याबद्दल मात्र फारच थोडे वाचायला मिळते. खरे नुकसान तिथेच होते असे माझे मत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी दोन परीक्षांची तयारी एकाच वेळी करतात. एक म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची क्लॅट आणि दुसरी म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची विधी सीईटी. दोन्हींच्या विषयांची नावे बरीचशी सारखी असल्यामुळे एकाच वहीवरून, एकाच पद्धतीने दोन्हींची उजळणी केली जाते. प्रत्यक्षात या परीक्षा विद्यार्थ्याकडून वेगळ्या गोष्टी मागतात. 2020 पासून पदवीची क्लॅट उताऱ्यांवर आधारलेली आहे. आता तिच्यात 120 मिनिटांत 120 प्रश्न सोडवायचे असतात आणि हे प्रश्न सुमारे साडेचारशे शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर विचारलेले असतात. कायद्याच्या विभागातही आवश्यक ते तत्त्व उताऱ्यातच दिलेले असते. कायद्याचे पूर्वज्ञान अपेक्षित नसते. याउलट विधी सीईटीमध्ये कायद्याची आणि राज्यघटनेची माहिती थेट विचारली जाते, तिची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत.

हा फरक किती खोल आहे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार मुळातूनच रद्दबातल असतो, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवून दिले. असा करार ती व्यक्ती सज्ञान झाल्यावर मान्यता देऊनही जिवंत करता येत नाही, हेही आपल्याकडे प्रस्थापित आहे. ही माहिती सीईटीसाठी पाठ असलीच पाहिजे. आता समजा, क्लॅटच्या उताऱ्यात असे तत्त्व दिले आहे की अज्ञान असताना केलेला करार सज्ञान झाल्यावर लेखी मान्य केल्यास तो बंधनकारक ठरतो. पुढे प्रसंग असा की सतरा वर्षांच्या मुलाने हप्त्यांवर मोटारसायकल घेतली, अठरा पूर्ण झाल्यावर करार मान्य असल्याचे लिहून दिले आणि नंतर हप्ते भरणे बंद केले. तर विक्रेत्याला उरलेली रक्कम मागता येईल का? ज्याने 1903 चा निवाडा घोकला आहे तो विद्यार्थी बेधडक ‘नाही’ या पर्यायावर खूण करतो आणि गुण गमावतो, कारण त्या प्रश्नपत्रिकेपुरता कायदा उताऱ्यात लिहिलेला आहे आणि त्यानुसार उत्तर ‘होय’ असे आहे. त्याचा अभ्यास कमी पडला असे कोणी म्हणणार नाही. त्याने उजळणी दुसऱ्याच परीक्षेची केली होती. क्लॅटपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत कलमे आणि खटले घोकण्यापेक्षा रोज चार-पाच उतारे घड्याळ लावून वाचणे, आणि उत्तराचे कारण उताऱ्यातील ज्या वाक्यात सापडते त्या वाक्याखाली रेघ मारणे, हाच खरा सराव आहे. रेघ मारण्यासाठी वाक्य सापडत नसेल तर उत्तर बाहेरून आणलेले आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते.

सीईटीच्या उजळणीत सध्या एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांच्या जागीही अनुक्रमे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे नवे कायदे आले. जुन्या दंड संहितेत 511 कलमे होती, नव्या संहितेत 358 आहेत. खुनाच्या शिक्षेचे 302 हे कलम आता 103 झाले आहे आणि फसवणुकीचे 420 आता 318 मध्ये गेले आहे. परंतु मोठ्या भावंडांकडून किंवा जुन्या पुस्तकांच्या बाजारातून मिळालेली मार्गदर्शक पुस्तके आजही हातोहात फिरत आहेत. असेच एक पुस्तक माझ्या एका विद्यार्थ्याने आणले होते. त्याच्या आधीच्या मालकाने 302 च्या शेजारी लाल शाईने दुहेरी रेघ मारून ‘नक्की येणार’ असे लिहिले होते, आणि या मुलाने ते पान इमानेइतबारे पाठ केले होते. त्याला दोष कसा द्यावा? 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या संहितेखालीच चालत असल्यामुळे न्यायालयात आम्ही वकीलही दोन्ही आकडे उच्चारतो आणि बातम्यांमध्येही दोन्ही येतात, तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. ऐनवेळी संपूर्ण तुलनात्मक तक्ता पाठ करण्याचा अट्टहास मात्र करू नये. वारंवार उल्लेखले जाणारे दोन-तीन डझन गुन्हे, त्यांची नवी कलमे आणि नव्या संहितेतील ठळक बदल, उदाहरणार्थ शिक्षेचा प्रकार म्हणून आलेली सामुदायिक सेवा, एवढे पक्के असले तरी पुष्कळ आहे.

आता उजळणीच्या पद्धतीविषयी. बहुतेक मुले उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे असे समजतात आणि आधीच रंगवलेल्या ओळींवर नव्या रंगाची पेन्सिल फिरवतात. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचा वाटला म्हणजे येतो असा समज होतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाला मजकूर पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे लक्षात घेतले तर शेवटच्या पंधरवड्यात काय करायचे हे आपोआप ठरते.

मी मुलांना कोरा कागद घ्यायला सांगते. मूलभूत हक्कांची कलमे क्रमाने, पुस्तक बंद ठेवून लिहायची आणि मग पुस्तक उघडून वेगळ्या शाईने दुरुस्त करायची. एका मुलीने 14 ते 19 सरळ लिहिली, 21 लिहिले, शिक्षणाच्या हक्काचे 21अ हे 2002 च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने आले हेही लिहिले, पण 20 ची जागा मोकळी राहिली. तिने तो भाग अनेकदा वाचलेला होता. एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा होऊ नये, घडल्यानंतर केलेल्या कायद्याने कोणाला गुन्हेगार ठरवू नये आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करू नये, ही तीन संरक्षणे ज्या कलमात आहेत तेच नेमके निसटले होते. आणि ती मोकळी जागा तिला दिसली नसती तर परीक्षेच्या सकाळपर्यंत ते येते असेच तिला वाटत राहिले असते. मालमत्तेचा हक्क 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला आणि आता कलम 300अ मध्ये आहे, हेही असेच कागदावर उतरवून पाहिल्याशिवाय पक्के होत नाही.

चालू घडामोडींच्या बाबतीत सर्वांत जास्त घबराट असते आणि तिचाच फायदा घेऊन हजार-हजार प्रश्नांच्या पुस्तिका विकल्या जातात. क्लॅटमध्ये या विभागाचा वाटा सुमारे पाव असतो, त्यामुळे तो सोडून चालत नाही. पण सुटे प्रश्न पाठ करून तो साधतही नाही, कारण एका विषयावरचा उतारा देऊन त्याच्या मागचे-पुढचे विचारले जाते. या टप्प्यावर नवी पुस्तिका हातात घेऊ नये. वर्षभरात स्वतः काढलेल्या टिपणांतले मोठे विषय निवडावेत आणि प्रत्येकाविषयी काय घडले, कोणती संस्था संबंधित होती आणि कोणता कायदा लागू होता, एवढे स्वतःच्या शब्दांत कोणालातरी सांगून पाहावे. ज्यांनी वर्षभर वृत्तपत्र वाचलेच नाही त्यांच्यासाठी शेवटच्या आठवड्यात फारसा उपाय उरत नाही. त्यांनी हा वेळ तर्क आणि इंग्रजीच्या उताऱ्यांवर घालवणे अधिक शहाणपणाचे आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

सराव परीक्षांचाही अतिरेक होतो. रोज दोन प्रश्नपत्रिका सोडवायच्या, गुण मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन, असे केल्याने केवळ थकवा साचतो. एक प्रश्नपत्रिका सोडवायला दोन तास लागत असतील तर तिच्यातील चुका तपासायलाही तेवढाच वेळ द्यावा. माहितीच नव्हती, प्रश्नातील ‘चुकीचे विधान कोणते’ यासारखे शब्द वाचताना निसटले, की दोन पर्यायांत अडकून घाईने खूण केली, हे प्रत्येक चुकीपुढे लिहावे. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रकारच्या चुका मुलांना वाटतात त्यापेक्षा कितीतरी जास्त निघतात आणि त्या थोड्या दिवसांतही कमी करता येतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवताना अंतिम उत्तरसूचीच वापरावी; डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या पदवीच्या क्लॅटमधील काही उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला होता, हे अनेकांच्या गावीही नसते.

नकारात्मक गुणांचे गणितही आधीच ठरवून ठेवावे. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीला पाव गुण जातो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता येत असतील तर उरलेल्या दोनांतून उत्तर निवडणे सरासरीने फायद्याचेच ठरते; भीतीपोटी असे प्रश्न सोडून देणारे विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतात. सीईटीत तर एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. शिवाय क्लॅट कागदावर आणि सीईटी संगणकावर असते, तेव्हा सरावही तसाच व्हावा. क्लॅटसाठी एकेका उताऱ्याचे प्रश्न संपताच उत्तरपत्रिकेतील गोल भरण्याची सवय नसेल तर शेवटच्या पाच मिनिटांत हात थरथरतात आणि बरोबर सुटलेल्या प्रश्नांचेही गोल चुकतात.

पालकांनाही एक विनंती आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाचे कौतुक करू नये. दिवसभरात वाचलेले मेंदूत पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, आणि सलग दोन तास लक्ष देऊन वाचण्याची परीक्षा अपुऱ्या झोपेवर देता येत नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बसणारे अनेक पदवीधर नोकरी करून अभ्यास करतात, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. त्यांना मिळणारा संध्याकाळचा तास-दीड तास आठवून लिहिण्यासाठी वापरला तर तो पुरतो, पुन्हा वाचण्यात घालवला तर पुरत नाही.

शेवटी दोन मागण्या. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानांवर, कायद्याचे प्रश्न नव्या संहितांवर असतील की जुन्याही विचारल्या जातील, आणि चालू घडामोडी कोणत्या तारखेपर्यंतच्या ग्राह्य धरल्या आहेत, हे ठळक अक्षरांत छापावे. आणि आपल्या दैनिकाने गुणवंतांच्या मुलाखतींना मिळणाऱ्या जागेतील काही भाग परीक्षेपूर्वीच्या सहा-सात आठवड्यांत दर आठवड्याला एका उताऱ्यासाठी राखून ठेवावा. उतारा, त्यावरचे पाच प्रश्न, आणि पुढच्या आठवड्यात केवळ उत्तरांचे क्रमांक न छापता प्रत्येक पर्याय का बरोबर किंवा का चूक याचे स्पष्टीकरण असावे. शिकवणीचे शुल्क न परवडणाऱ्या आणि सीईटी मराठीतून देणाऱ्या मुलांना असा मजकूर मराठीत दुसरीकडे सहज मिळत नाही. असे सदर सुरू होणार असेल तर उतारे व स्पष्टीकरणे तयार करून देण्याची माझी आणि माझ्या काही सहकारी वकिलांची विनामोबदला तयारी आहे.

आपली विश्वासू,
विधी प्रवेश परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवणारी एक वकील