मराठी वाक्याची आकृती कारकांवर उभी करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुरीवरच्या किडीची माहिती शोधताना आमच्या गावातील एका शेतकऱ्याने माझ्यासमोर मोबाइलच्या भाषांतर सेवेला सांगितले, ‘तुरीले अळीनं खाऊन टाकलं.’ इंग्रजीत उमटले ते ‘तुरीने अळी खाल्ली’ अशा अर्थाचे वाक्य. ‘ले’ हा (प्रमाण मराठीतल्या ‘ला’सारखा) वऱ्हाडी प्रत्यय यंत्राला ओळखता आला नसावा आणि मग जो शब्द आधी आला त्यालाच त्याने कर्ता मानले असावे.

हा दोष एका सेवेपुरता नाही. यंत्राला मराठी वाक्य उलगडायला शिकवताना वाक्यरचनेचा कोणता सिद्धान्त आधाराला घ्यायचा, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये मांडलेले पदबंधांचे (एकत्र येणाऱ्या शब्दांच्या गटांचे) व्याकरण वाक्याची नामपदबंध आणि क्रियापदबंध अशी फोड करते. शब्दक्रम घट्ट असलेल्या इंग्रजीला ते सोयीचे आहे, आणि वाक्यात वाक्य गुंफलेले असेल तेथे त्याची ताकद मान्य केलीच पाहिजे. मात्र ‘शेतकऱ्याने व्यापाऱ्याला कापूस विकला’ या वाक्यातील नामे कशीही फिरवली तरी कोणी कोणाला काय विकले हे बदलत नाही, कारण ते प्रत्ययांनी बांधलेले असते. शिवाय शेतकऱ्याने कापूस विकला, तूर विकली, सोयाबीन विकले, पण बैलाला विकले! कर्ता तोच असताना क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्माला ‘ला’ लागताच त्यालाही सोडते. नववीच्या वर्गात प्रयोग शिकवताना मी हीच उदाहरणे फळ्यावर लिहीत असे.

अशा भाषेसाठी क्रियापद केंद्रस्थानी ठेवून प्रत्येक पदाचे त्याच्याशी नाते सांगणारी मांडणी मला अधिक योग्य वाटते. फ्रान्सच्या ल्युसिएँ तेनिएर यांचा या विचाराचा ग्रंथ १९५९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पाणिनीची सहा कारके, म्हणजे कर्ता, कर्म अशी क्रियेशी असलेली नामांची नाती, त्याच्या कितीतरी शतके आधीची आहेत. याच कारकांच्या पायावर कानपूरच्या आयआयटीतील अभ्यासकांनी भारतीय भाषांसाठी संगणकीय व्याकरण उभारले आणि पुढे हैदराबादेत हिंदी वाक्यांचा, प्रत्येक पदाचे नाते खुणेने दाखवणारा मोठा चिन्हांकित संग्रह तयार झाला. मराठीचा तसा एक संच प्रागच्या विद्यापीठात झाला आहे, पण त्यात ५०० वाक्येही नाहीत.

मराठीचे पहिले व्याकरण मानले जाणारे ‘पंचवार्तिक’ महानुभावांचे, आणि त्याच पंथाच्या रिद्धपूरला आज मराठी भाषा विद्यापीठ आहे. कारकसंबंध दाखवणारा मराठी वाक्यसंग्रह या विद्यापीठाने हाती घ्यावा, आणि त्यात छापील प्रमाण मराठीबरोबर बाजार समितीत, शेताच्या धुऱ्यावर आणि बसथांब्यावर बोलली जाणारी वऱ्हाडी व झाडीबोलीची वाक्येही पहिल्या दिवसापासून असावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वाक्ये गोळा करायला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक तालुक्यातालुक्यांत मिळतील.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती